हसण्यावर पहारा ठेवणारी घंटी

मित्रांनो, आधी हात मागे घ्या. मी टेबलावरची घंटी आहे, बरीच जुनी आहे, आणि मला पाहिलं की प्रत्येकाला एकदा तरी वाजवून बघावंसं वाटतं, हे मला पुरतं ठाऊक आहे. लहान मुलांना वाटतं, मोठ्यांना तर जास्तच वाटतं. माझी निम्मी झीज कामामुळे झाली आहे आणि निम्मी या 'सहज वाजवून बघितली' मुळे.

दिसायला मी साधी आहे. पालथ्या वाटीएवढं अंग, डोक्यावर छोटी कळ आणि खाली काळी बैठक. कळ दाबली की आतली छोटी हातोडी उसळून वाटीला लागते आणि 'टिंग' असा आवाज होतो. माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे पत्रा दाबून आमच्या वाट्या घडवत आणि घासूनपुसून चकचकीत करत. शेवटी एक म्हातारा कामगार प्रत्येकीला कानाशी धरून तपासायचा. त्याला जरा कमी ऐकू यायचं. जिचा आवाज त्याच्या कानात शिरेल तीच पास, बाकीच्या परत. माझा आवाज इतका खणखणीत का आहे, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मला एका दातांच्या डॉक्टरांनी विकत घेतलं आणि मी त्यांच्या दवाखान्यात कामाला लागले. एक रोगी गाल धरून बाहेर गेला की डॉक्टर मला वाजवत आणि दुसरा आत येई. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांचे चेहरे माझ्या आवाजासरशी पांढरे पडत. "तुम्ही जा हो आधी, मला काही घाई नाही," असं म्हणत माणसं एकमेकांना मोठ्या मनाने पुढे ढकलत. एक धिप्पाड पहिलवान तर माझा आवाज ऐकताच "गाडी नीट लावली का बघून येतो" असं सांगून गेला तो पुन्हा फिरकला नाही. तरीही ते दिवस सुखाचे होते. एकदा वाजले की एक माणूस आत, इतकं सरळ काम होतं. दवाखान्यात मदतीला असलेल्या मावशी मला रोज सकाळी मऊ फडक्याने पुसत. डॉक्टर लोकांना सांगत, "माझ्याकडे दोघीच वेळेवर चालतात. एक ही घंटी आणि दुसऱ्या मावशी." यावर मावशी म्हणत, "घंटीचं नाव आधी का घेतलंत?"

मग भिंतीवर आकडे दाखवणारी पाटी आली. ती लाल आकडा दाखवायची आणि कोणा अनोळखी बाईच्या आवाजात नंबर पुकारायची. डॉक्टरांनी मला खालच्या खणात ठेवलं. त्या खणात लोकांच्या दातांचे प्लॅस्टरचे साचे होते. अनेक वर्षं मी त्या पांढऱ्या जबड्यांच्या संगतीत काढली. कोणी मला पुसलं नाही आणि कोणी वाजवलंही नाही. मला फार एकटं वाटायचं.

एका दुपारी खण उघडला आणि दोन तोंडं एकदम आत डोकावली. एक डॉक्टरांची मुलगी होती. तिला कॉलेजात सगळे डॉक्टरीण म्हणत, जरी ती हिशेबशास्त्र शिकत होती आणि रक्त बघितलं की तिला भोवळ येई. दुसरी तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिला रिमोट म्हणत, कारण टीव्हीवरचा असा एकही कार्यक्रम नव्हता जो तिने पाहिला नव्हता.

"अगं, घंटी! हीच घेऊ या का आपल्या..." डॉक्टरीण म्हणाली.

"...खेळाला! हसला की टिंग!" रिमोटने वाक्य पुरं केलं.

त्या दोघी अशाच बोलत. एकीने सुरू करायचं, दुसरीने संपवायचं, आणि मग दोघींनी मिळून खिदळायचं. त्यांच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. टीव्हीवर एक खेळ लागतो. त्यात काही विनोदी माणसं एका खोलीत बसतात आणि एकमेकांना हसवायचा प्रयत्न करतात. स्वतः मात्र हसायचं नाही. जो हसला तो बाद. शेवटपर्यंत तोंड सरळ ठेवील तो जिंकला. हाच खेळ कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमात रंगमंचावर करायचा असं दोघींनी ठरवलं होतं, आणि कोणी हसलं की मी वाजणार होते.

खरं सांगते, मला आनंदाने भरून आलं. आयुष्यभर मी लोकांची तोंडं पाडली होती. आता जिथे हसू फुटेल तिथे माझा आवाज होणार होता. डॉक्टरिणीने मला आपल्या ओढणीने पुसलं, रिमोटने कळेत तेलाचा थेंब सोडला, आणि दोघींच्या मधे पिशवीत बसून मी कॉलेजात गेले. मला वाटलं, माझे चांगले दिवस आले.

मला काय माहीत, की मी बैठकांच्या तोंडी पडले होते!

कॉलेजच्या सभागृहामागे एक खोली होती. मोडक्या बाकांचा ढीग, पारा उडालेला आरसा आणि कधीच नीट न लागणारी खिडकी. तिथे मंडळी जमू लागली. त्यांच्यात वकील नावाने ओळखला जाणारा एक मुलगा होता. त्याने आयुष्यात एकही खटला लढवला नव्हता, पण समोरच्याने "आज ऊन आहे" म्हटलं तरी तो "कशावरून?" असं विचारायचा. एक मुलगी होती खिदळी. हवेत बोट दाखवलं तरी ती हसायची, आणि इतकं मोकळं हसायची की तिच्याकडे बघून बाकीचेही हसत. आणखी तिघेचौघे होते. ते मुख्यतः भूक लागली आहे एवढंच सांगत.

पहिल्याच बैठकीत सगळे एकदम बोलायला लागले. खोलीचा नुसता बाजार झाला. तेव्हा डॉक्टरिणीने मला टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि ती म्हणाली, "हे बघा, एकेकाने बोलायचं. जास्त लांबलं की मी घंटी वाजवणार. घंटी वाजली की गप्प. मी सगळ्यांना सारखीच वाजवणार हं, मैत्रीण असली तरी."

मला बरं वाटलं. निदान कोणीतरी शिस्तीचं निघालं.

रिमोट उभी राहिली. तिने खुर्च्या कशा मांडायच्या, दिवे कसे असतात, निवेदक कुठून येतो हे सगळं सांगायला सुरुवात केली. तिचं प्रत्येक वाक्य 'मूळ कार्यक्रमात' या शब्दांनी सुरू होई. मंडळी चुळबुळ करू लागली. वकील जांभया देऊ लागला. "आणि मूळ कार्यक्रमात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे," रिमोट म्हणाली, "कोणीही कोणाला आपला..."

टिंग!

डॉक्टरिणीने मला दाबलं होतं. "वेळ संपली. पुढचा!" ती हसत म्हणाली. सगळे हसले. रिमोटही हसली, पण जरा उशिराने, आणि खाली बसल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडे बघून काय उपयोग? मला दाबलं की मी वाजते. यापलीकडे मला काही करता येत नाही.

त्यानंतर जे काही सुरू झालं त्याला नियोजन म्हणतात असं मला सांगण्यात आलं. मित्रांनो, मी दवाखान्यात दाढा उपटताना ऐकल्या आहेत. तेही याहून लवकर आटपायचं.

कार्यक्रमाचं नाव ठरवण्यात कितीतरी दुपारी गेल्या. एक नाव ठरायचं, दुसऱ्या दिवशी कोणीतरी घरी विचारून यायचं आणि म्हणायचं, "माझी आत्या म्हणाली, हे नाव एखाद्या साबणाचं वाटतं." की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी 'तोंड सरळ' हे नाव पक्कं झालं आणि त्याचा भला मोठा फलकही रंगवून झाला. तोवर विनोद एकही लिहिला गेला नव्हता. मी हे बघत होते आणि माझी आतली हातोडी नुसती थरथरत होती.

मग नियम. हसणं कशाला म्हणायचं यावर वकिलाने अशी काही चर्चा लावून धरली की मला पुन्हा खणात जावंसं वाटू लागलं.

"दात दिसले तर बाद," डॉक्टरीण म्हणाली.

"ज्याचे दात मुळातच पुढे आहेत त्याने काय करायचं?" वकिलाने विचारलं. "त्याने खेळायचंच नाही का?"

"बरं, दात आणि आवाज, दोन्ही हवं."

"म्हणजे आवाज न करता हसलं तर चालेल? आणि शिंक आली तर? शिंकताना दात दिसतात आणि आवाजही होतो."

"अरे, शिंकून कोण हसतं?"

"मी हसतो कधी कधी," मागून एक भुकेला मुलगा म्हणाला.

यावर खिदळी इतकी हसली की खुर्चीवरून घसरली. त्या संध्याकाळी तेवढीच एक चांगली गोष्ट झाली. सभागृहाची किल्ली सांभाळणारे काका दारात येऊन म्हणायचे, "आवरा आता, मला कुलूप लावायचंय. एवढ्या दिवसांत आमच्या सोसायटीने जिना बांधला."

माझी दशा तर विचारूच नका. आधी मी फक्त डॉक्टरिणीच्या हातात होते. मग ज्याचा हात पोचेल तो मला वाजवू लागला. समोरच्याचं पटलं नाही, टिंग. विषय बदलायचा आहे, टिंग. कंटाळा आला, टिंग टिंग टिंग. एकाने माझ्यावर चहाचा पेला ठेवला आणि माझ्या अंगावर कायमचा डाग उमटला. दुसऱ्याने जॅम लागलेल्या बोटाने कळ दाबली, तेव्हापासून ती वर यायला कुरकुर करू लागली. दवाखान्यात माझ्या एका आवाजाला किंमत होती. इथे दिवसभर वाजूनही माझं कोणी ऐकत नव्हतं.

पण मला सर्वांत जास्त त्रास वेगळ्याच गोष्टीचा होत होता. रिमोटने 'मूळ कार्यक्रमात' एवढं म्हटलं की कोणीतरी मला वाजवायचं आणि सगळे हसायचे. तो त्यांचा ठरलेला विनोद होऊन बसला. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मलाही कळत होतं. डॉक्टरीणही हसायची. रिमोटने तिला एकदा टेबलाशी गाठून हळूच म्हटलं, "अगं, मला एक सांगायचंय, दोनच मिनिटं..." तर डॉक्टरीण म्हणाली, "उद्या गं, प्लीज. मला खुर्च्यांचं बघायचंय." उद्याही तेच झालं. हळूहळू रिमोट खिडकीजवळ जाऊन बसू लागली आणि बोलेनाशी झाली. जिची वाक्यं आजवर रिमोट संपवत आली होती, ती डॉक्टरीण आता आपली वाक्यं स्वतःच संपवत होती, आणि हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. कार्यक्रमाचं काय व्हायचं ते होवो, पण या दोघी तुटल्या तर काय, याने माझा जीव टांगणीला लागला.

एकदाचे विनोद लिहिले गेले आणि तालमी सुरू झाल्या. डॉक्टरीण म्हणाली, "गेल्या वर्षी आपलं नाटक का पडलं? तालीम कमी पडली म्हणून. यंदा एकही शब्द चुकता कामा नये." झालं. सगळे गोल करून बसले, आणि प्रत्येकाने आपला विनोद सगळ्यांसमोर म्हणून दाखवला. पहिल्या दिवशी हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. मी एकसारखी वाजत होते आणि पहिल्यांदाच मला काम केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच विनोद पुन्हा झाले. हसू जरा कमी आलं. तिसऱ्या दिवशी एकदोघंच हसले. पुढे पुढे तर विनोद सुरू झाला की सगळे ओठ हलवून त्याच्याबरोबर म्हणू लागले.

आणि यांना त्याचा आनंद झाला! खरंच सांगते. वकील टाळ्या वाजवत म्हणाला, "बघा! कोणीच हसत नाही! काय कंट्रोल आलाय सगळ्यांना!" डॉक्टरिणीचा चेहरा खुलला. ज्या दिवशी खिदळीसुद्धा शेवटपर्यंत गप्प बसली, त्या दिवशी तिच्या पाठीवर सगळ्यांनी शाबासकी दिली. खिदळीने मान खाली घातली. हवेत बोट दाखवलं तरी हसणारी ती मुलगी! मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण मला ना कपाळ आहे ना हात.

मग सांस्कृतिक विभागाच्या मॅडम रंगीत तालीम बघायला आल्या. मॅडम फार स्पष्ट बोलणाऱ्या. त्या पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसल्या. खेळ सुरू झाला. खेळाडूंनी एकापाठोपाठ एक विनोद केले. कोणी हसलं नाही. एकाने डोक्यावर बादली घातली. कोणी हसलं नाही. वकिलाने कोंबडीचा आवाज काढला. बाकीच्यांनी त्याच्याकडे गणिताचा तास चालू असल्यासारखं बघितलं. कोणी हसत नाही म्हणून कोणी बाद होईना, कोणी बाद होत नाही म्हणून खेळ संपेना. मी टेबलावर वाट बघत बसले होते. मला कोणी बोटही लावलं नाही.

बऱ्याच वेळाने मॅडम उठल्या. "शिस्त छान आहे हो," त्या म्हणाल्या. "पण हा विनोदी कार्यक्रम आहे ना? मला वाटलं, कोणी गेलंय."

त्यांनी पर्स खांद्याला लावली.

"पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आहे. मी एकच बघणार. इथे बसलेला एक तरी माणूस हसला पाहिजे. नाही तर तुमचा खेळ तिथेच थांबवून वेळ गायनाच्या मुलांना देते. ती बिचारी केव्हाची मागतायत."

मॅडम गेल्या आणि मंडळी मागच्या खोलीत परतली. डॉक्टरीण मटकन खाली बसली. "सगळं तर नीट बसवलं होतं," ती म्हणाली. "कुठे चुकलं?"

"विनोद आधी एकमेकांना ऐकवायचेच नसतात," खिडकीजवळून रिमोट म्हणाली. "मूळ कार्यक्रमात प्रत्येकजण आपलं गुपित ठेवतो. कोण काय करणार हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून तर हसू फुटतं."

"मग हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं नाही?" रिमोटचा आवाज चढला. "पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते. सांगू कुठे दिलंस? तोंड उघडलं की टिंग! तूच सुरू केलंस, मग सगळ्यांनी. माझ्या बोलण्याची चेष्टा करायला तुला घंटी लागते होय?"

"मी सगळ्यांनाच वाजवत होते!"

"सगळे तुझे शाळेपासूनचे मित्र आहेत का?"

 डॉक्टरीण काहीतरी बोलायचं म्हणून बोलली आणि ते नेमकं चुकीचं बोलली. "एवढं होतं तर जोरात बोलायचं होतंस."

रिमोटने पिशवी उचलली. सगळ्यांना वाटलं ती निघून जाणार. पण ती फक्त दारापर्यंत गेली आणि वळली. "कार्यक्रम माझाही आहे, तो मी करणार. तुझ्याशी मात्र मी बोलणार नाही."

पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. खेळ नव्याने ठरला. जुने विनोद फेकून द्यायचे, प्रत्येकाने नवं काहीतरी शोधायचं आणि सख्ख्या भावाला सुद्धा सांगायचं नाही. काम पहिल्यांदाच भराभर होऊ लागलं. पण या दोघी एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसत आणि मधे वकिलाला उभं करत.

"तिला विचार, निवेदक कोण," डॉक्टरीण म्हणे.

"ती विचारतेय, निवेदक कोण," वकील म्हणे.

"तिला सांग, खिदळी. आणि घंटीही तीच वाजवेल," रिमोट म्हणे. "तिला ऐकू आलंय," वकील वैतागून म्हणे, "दोन हातांवर बसलीये!" आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याशी माझं एकमत झालं. मनात येई, वाजावं आपण होऊनच, इतकं वाजावं की या दोघी कान झाकून एकदम ओरडतील तरी. मला पुसायला, तेल घालायला तर आता कोणीच नव्हतं. ती कामं त्या दोघी मिळून करत होत्या.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. मॅडम पहिल्या रांगेत पर्स घेऊन हजर होत्या. खेळाडू अर्धगोलात बसले, खिदळी माझ्यामागे उभी राहिली आणि खेळ सुरू झाला.

काय सांगू तुम्हाला! कोणालाच कोणाचं काही माहीत नव्हतं. पहिल्याच मुलाने उभं राहून स्वतःच्या आजीचा फोनवर बोलतानाचा आवाज काढला आणि दोघेजण जागच्या जागी फुटले. टिंग, टिंग! वकील बराच टिकला. पण आपण हसलो नाही, फक्त खोकलो, हे खिदळीला पटवताना स्वतःच्याच युक्तिवादाचं त्याला हसू आलं. टिंग! खिदळीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिला मी नीट दिसतही नव्हते, आणि ती दर वेळी चुकून टेबलावर एक थाप मारून मग मला वाजवत होती. लोक हसत होते. मॅडमची पर्स केव्हाच खाली पडली होती.

शेवटी दोघीच उरल्या. नियमाप्रमाणे दोन खुर्च्या समोरासमोर आल्या, मधल्या टेबलावर मी. एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं आणि एकेकीने प्रयत्न करायचा. आठवडाभर ज्यांनी एकमेकींकडे पाहिलं नव्हतं, त्यांच्यावर ही वेळ आली.

डॉक्टरिणीची पाळी आधी होती. तिने मॅडमची नक्कल केली, "शिस्त छान आहे हो, कोणी गेलंय का?" सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. स्वतः मॅडमही हसल्या. रिमोटच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मग रिमोटची पाळी आली. तिने आपल्याबरोबर एक कागदी पिशवी आणली होती. त्यात काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तिने ती खुर्चीखाली सरकवून दिली.

"बसमध्ये खिडकीची जागा आता रोज मलाच मिळते," ती साध्या आवाजात म्हणाली.

डॉक्टरीण बघत राहिली.

"आधी आपण किती भांडायचो तिच्यावरून. आठवतं? तू माझी वेणी धरून मागे ओढायचीस. आता कोणी ओढत नाही. आरामात चढते, ऐसपैस बसते. पिशवी तुझ्या जागेवर ठेवते." ती जरा थांबली. "आणि सांगू का? त्या खिडकीतून बघण्यासारखं काहीही नाहीये. एक पेट्रोल पंप आहे आणि एक पडकी भिंत. आपण दहावीपासून कशासाठी मारामारी करत होतो, देव जाणे."

लोक हसले. डॉक्टरिणीने ओठ घट्ट मिटले. तिची हनुवटी थरथरू लागली, मग डोळे भरले, आणि मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हुंदका होता की हसू होतं, ते मला कळलं नाही. जन्मभर आवाजावरच पोट भरलेली मी, मलाही कळलं नाही.

खिदळीचा हात माझ्यावर येऊन थांबला. बाद झालेल्यांच्या रांगेतून वकील ताडकन उभा राहिला. "थांबा! दात दिसले का कोणाला? आणि रडलं तर बाद की नाही? हे आपण ठरवलंच नाहीये!"

सभागृहात एकच गलका झाला. "वाजवा, वाजवा!" असं मागून मुलं ओरडू लागली. त्या गलक्यात रिमोट अजून बोलतच होती. "आणि काल तर काय झालं, काल..."

खिदळीचं बोट कळेला लागलं. तेवढ्यात डॉक्टरिणीने झटकन हात पुढे करून माझ्यावर पंजा ठेवला. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही.

"वाजवू नकोस," ती म्हणाली. "तिचं बोलून होऊ दे."

रिमोट बोलली. काल काय झालं ते तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. सभागृह शांतपणे ऐकत होतं आणि डॉक्टरिणीच्या हाताखाली मी शांत होते. खेळ कोण जिंकलं ते मात्र ठरलं नाही. वकील अजून त्यावर वाद घालतो.

मित्रांनो, आता मी त्याच खोलीतल्या एका फळीवर असते. त्या दोघी शिकून बाहेर पडल्या. नवी मुलं येतात, नव्या बैठका होतात आणि मला पुन्हा टेबलाच्या मधोमध ठेवलं जातं. माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. मला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसत जा. कळ कुरकुरायला लागली तर तेलाचा थेंब सोडा. चहाचे पेले दुसरीकडे ठेवा. आणि समोरचा माणूस बोलत असेल, लांबण लावत असेल, तेच तेच पुन्हा सांगत असेल, तुमच्या हाताला माझ्याकडे यायची कितीही घाई झालेली असेल, तरी त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. तोवर माझा आवाज कुठे पळून जात नाही.